गोड परफ्यूम रोज लावता येतो का?

परफ्यूमची रील्स बघणाऱ्या मुलांना ‘खमरा’ हे नाव आता वेगळं सांगावं लागत नाही. अमिरातीतल्या लताफा कंपनीचा हा परफ्यूम 2022 साली आला. दालचिनी, खजूर, व्हॅनिला, साखरेत घोळलेला सुकामेवा असा सगळा थाट. किलियन या ब्रँडच्या 2020 सालच्या ‘एंजल्स शेअर’शी त्याचं बरंच साम्य आणि किंमत त्याच्या तुलनेत किरकोळ, त्यामुळे तो हातोहात उचलला गेला. त्याच्या आगेमागे पुरुषांसाठीच्या गोड, उबदार परफ्यूमची रांगच लागली आहे. रीलमधला मुलगा सांगतो, ‘बारा तास टिकतो, खोलीत शिरलात की सगळे वळून बघतात.’ बाटली घरी येते, सकाळी पाच-सहा स्प्रे मारून माणूस नऊ सत्तावीसची फास्ट पकडतो आणि खरंच सगळे वळून बघतात. काही जण नाकाला रुमाल लावून.

मग विचारणा सुरू होते: हे गोड परफ्यूम रोज लावायचे असतात की फक्त लग्नकार्यात? माझ्या मते रोज लावता येतात. पण बाटली निवडताना ‘किती गोड आहे’ एवढंच बघून काही कळत नाही. गोडीच्या समोर दुसरं काय ठेवलंय ते बघायचं, आणि लावल्यानंतर चौथ्या तासाला तो हातभर अंतरावरच्या माणसाला कसा लागतो ते बघायचं. एवढं समजून घ्यायला जरा रसायनशास्त्र लागेल. फार नाही.

## बाटलीत नेमकं काय असतं

बहुतांश अल्कोहोल. त्यात थोडं पाणी आणि उरलेला भाग सुगंधी तेलांचा नि रसायनांचा. हा सुगंधी भाग साधारण 2 ते 5 टक्के असेल तर ‘ओ द कोलोन’, 5 ते 15 च्या आसपास असेल तर ‘ओ द त्वालेत’, 15 ते 20 असेल तर ‘ओ द पार्फम’, त्याहून वर ‘पार्फम’ किंवा ‘एक्स्ट्रे’. हे आकडे ढोबळ आहेत. कंपन्यांच्या सवयीचे आहेत, कायद्याने बांधलेले नाहीत. मूळचं कोलोन म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहरात 1709 पासून विकलं गेलेलं फारिना घराण्याचं हलकं, लिंबू-संत्र्याच्या जातीचं पाणी. आज अमेरिकेत पुरुषांच्या कुठल्याही परफ्यूमला सरसकट कोलोन म्हणतात, आणि तिथल्या व्हिडिओंमुळे आपल्याकडेही तसंच म्हणायला लागलेत. तेव्हा ‘कोलोन’ ऐकून हलकं असेल असं धरून चालू नका.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. एकाच नावाच्या बाटल्यांमध्ये ‘त्वालेत’पेक्षा ‘पार्फम’ म्हणजे तोच वास, फक्त घट्ट, असं लोक धरून चालतात. जाँ पॉल गोत्येचा ‘ल माल’ घ्या. 1995 सालचा मूळ परफ्यूम त्वालेत आहे: पुदिना, लॅव्हेंडर, खाली व्हॅनिला. 2020 चा ‘ल माल ल पार्फम’ वेगळा, त्यात वेलचीचा तोरा आहे. 2023 चा ‘ल माल एलिक्सिर’ आणखी वेगळा: मध, तंबाखू, टोंका बी. बाटलीचा आकार तोच, पुरुषाच्या धडाचा. आतला मसाला दर वेळी नवा. त्यामुळे मित्राचा ‘ल माल’ आवडला म्हणून ऑनलाइन सेलमध्ये दिसेल तो ‘ल माल’ मागवणं हा जुगार आहे.

## गोडी येते कुठून

वासाला चव नसते. तरी आपण ‘गोड वास’ म्हणतो, कारण मेंदूने काही गंध लहानपणापासून साखरेच्या सोबत अनुभवलेले असतात. परफ्यूमवाले हीच ओळख वापरतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे मुख्यतः तीन रेणू आहेत.

पहिला व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या शेंगेतून तो 1858 साली वेगळा काढला गेला आणि 1874 साली टीमान आणि हारमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला. त्यासाठी त्यांनी वापरला पाइनच्या झाडातून मिळणारा एक पदार्थ. आज बाजारातलं बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यातलंच असतं. बिस्किटात तेच, आइस्क्रीममध्ये तेच, परफ्यूममध्येही तेच. खरी शेंग भयंकर महाग असते. जाहिरातीत ‘मादागास्करचा व्हॅनिला’ लिहिलं म्हणून अख्खी बाटली शेंगांच्या अर्काने भरलीय असं कुणी समजू नये.

दुसरा कुमारिन. टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बीमधला. बदाम, सुकं गवत आणि किंचित तंबाखू असा त्याचा मिळून वास. 1868 साली विल्यम पर्किनने तो कृत्रिमरीत्या बनवला. हा तोच पर्किन, ज्याने त्याआधी बारा वर्षं जांभळ्या रंगाचा पहिला कृत्रिम डाय शोधला होता. 1882 साली उबिगाँ या पॅरिसच्या कंपनीने ‘फुजेर रोयाल’मध्ये कुमारिन आणि लॅव्हेंडर एकत्र आणलं आणि पुरुषांच्या परफ्यूमचा एक अख्खा वंश तिथून सुरू झाला. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर जो वास येतो, तो याच वंशातला.

तिसरा इथाइल माल्टॉल, आणि आजच्या भांडणाचं मूळ हाच आहे. हा निसर्गात सापडत नाही. वास थेट जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा, म्हणजे तापवलेल्या साखरेचा. 1992 साली थियरी म्युग्लरच्या ‘एंजल’मध्ये तो भरभक्कम प्रमाणात घातला गेला, सोबत पॅचौली या वनस्पतीचं मातकट तेल. खाण्याच्या पदार्थांसारखा वास असलेल्या परफ्यूमची लाट तिथून उठली. त्यांना व्यवसायात ‘गुर्मान’ म्हणतात. चार वर्षांनी त्याच कंपनीने पुरुषांसाठी ‘ए मेन’ काढला: कॅरमेल, कॉफी, लॅव्हेंडर आणि तळाशी चक्क डांबराची छटा. ज्यांना आवडला त्यांना वेड लागलं, बाकीच्यांनी नाक मुरडलं.

उबदारपणाचं काय? दालचिनी, लवंग, जायफळ, आणि सोबत ऊद-लोबानाच्या जातीचे डिंक. डिंक आणि व्हॅनिला मिळून जी छटा तयार होते तिला लेबलवर ‘अंबर’ लिहितात. कोकण किनाऱ्यावर व्हेल माशाच्या उलटीची तस्करी पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो, ती वस्तू, म्हणजे अंबरग्रीस, वेगळी. स्पर्म व्हेल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे भारतात तिचा व्यापार गुन्हा आहे. दुकानातल्या बाटलीत ती नसते. तिच्या वासासाठी अँब्रॉक्सनसारखी कृत्रिम रसायनं वापरतात.

## सकाळचा वास दुपारी राहत नाही, तो का

प्रत्येक पदार्थाचा उडून जाण्याचा वेग वेगळा. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन 176 अंश सेल्सियसला उकळतं, व्हॅनिलिन 285 ला, कुमारिन 301 ला. अंगावर काही उकळत नसतं, पण आकड्यांवरून कोण किती चिकट आहे याचा अंदाज येतो. गंमत म्हणजे लिमोनीन आणि व्हॅनिलिनच्या रेणूंच्या वजनात फार फरक नाही, 136 आणि 152. फरक पडतो तो व्हॅनिलिनमधल्या ऑक्सिजनमुळे. त्याचे रेणू एकमेकांना आणि आजूबाजूच्या पदार्थांना धरून बसतात.

म्हणून परफ्यूम टप्प्याटप्प्याने उलगडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबू, पुदिना, मिरी. मग तास-दोन तास फुलं, लॅव्हेंडर, मसाले. शेवटी तळ, आणि गोड परफ्यूममध्ये तळ म्हणजेच गोडी. आता मॉलमधलं दृश्य बघा. सेल्समन कागदाच्या पट्टीवर स्प्रे मारतो, आपण अर्धं मिनिट हुंगतो, ‘फ्रेश आहे’ म्हणतो आणि कार्ड काढतो. ज्या पंधरा मिनिटांवर आपण पैसे खर्च केले ती पार्किंगमध्ये पोचेपर्यंत संपलेली असतात. पुढचे सहा-सात तास ज्याच्या सोबत काढायचे आहेत त्या वासाची आपली भेटसुद्धा झालेली नसते. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. सुरुवात गोंडस करण्यावर त्या भरपूर मेहनत घेतात.

## गोडीसमोर काय ठेवलंय

पुरणपोळीच्या ताटात कटाची आमटी का असते, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नुसतं पुरण वाटीत घेऊन बसलं तर चार चमच्यांनंतर नकोसं होतं. जायफळ, तूप आणि शेजारी झणझणीत आमटी असली की तीच गोडी तिसऱ्या पोळीपर्यंत नेते. रोजच्या वापराच्या गोड परफ्यूममध्ये ही आमटी शोधायची.

मूळच्या ‘ल माल’मध्ये ती सरळ दिसते. फ्रान्सिस कुर्कजाँ या परफ्यूमकाराने तो केला तेव्हा तो स्वतः जेमतेम पंचविशीत होता. खाली व्हॅनिला भरपूर आहे, इतका की नुसता तळ हुंगला तर पेढेवाल्याच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटावं. पण वर पुदिना आणि लॅव्हेंडरचा स्वच्छ, साबणी पदर आहे आणि त्यातलं लॅव्हेंडर बराच वेळ तग धरतं. त्यामुळे समोरच्याला ‘मिठाई’ आठवत नाही, ‘आत्ता आंघोळ करून आलेला माणूस’ आठवतो. पुरुषांच्या गोड परफ्यूममध्ये इतकी चोख तोड क्वचित साधलीय. तीस वर्षं तो विकला जातोय ते उगाच नाही. त्याचा दोष एकच, तो जोरकस आहे. हात आवरला नाही तर पुदिनासुद्धा वाचवू शकत नाही.

इव्ह सेंट लॉरांचा 2009 चा ‘ला न्युई द लोम’ याच्या उलट स्वभावाचा. वेलची, देवदार आणि कुमारिनची हलकी गोडी. ‘फार टिकत नाही’ म्हणून रील्सवाले त्याला शिव्या घालतात. मला तो ऑफिससाठी त्याच कारणामुळे आवडतो. ‘स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम’मध्ये तंबाखू आणि मिरी गोडीला आवरतात, पण तिथे मुळातच प्रमाण दांडगं आहे, तो डिसेंबरातल्या संध्याकाळचा गडी. पाको रबानचा ‘वन मिलियन’ दालचिनी आणि चामड्याच्या छटेवर उभा आहे आणि मला तो पार्टीबाहेर नेहमीच आगंतुक वाटत आलाय.

आणि खमरा? वास म्हणून झकास आहे. पण त्यात खजुराच्या समोर दालचिनी, दालचिनीच्या समोर व्हॅनिला, म्हणजे सगळे एकाच पंगतीतले. कडू, हिरवं, साबणी असं काही समोर उभंच नाही. रात्रीच्या जेवणाला, हिवाळ्यात, एक-दोन स्प्रे. सोमवारच्या सकाळच्या मीटिंगला मी कुणालाही तो सुचवणार नाही.

## ‘पण गोड म्हणजे बायकांचा वास ना?’

हा आक्षेप बहुधा वडीलधारी मंडळी घेतात, आणि त्यांच्याच बाथरूमच्या फळीवर याचं उत्तर असतं. ओल्ड स्पाइस. पुरुषांसाठी 1938 साली अमेरिकेत आलेला हा आफ्टरशेव्ह आपल्याकडे एका अख्ख्या पिढीच्या दाढीच्या सामानात होता. लवंग, दालचिनी आणि व्हॅनिला! तो गोड आणि उबदारच आहे, फक्त ‘बाबांचा वास’ म्हणून डोक्यात इतका घट्ट बसलाय की त्यातली गोडी कुणाला जाणवत नाही. आपल्या अत्तरांचंही तसंच. थंडीत लावायचं हिना अत्तर मसालेदार, गडद असतं आणि पुरुष ते कानात फाया घालून मिरवत आलेत. मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्याला ‘हे जेन्ट्सचं की लेडीजचं’ विचारून बघा, तो हसेल. बाटलीवरचे ‘पूर ओम’ (फ्रेंचमध्ये ‘पुरुषांसाठी’) हे दोन शब्द मार्केटिंगची सोय आहेत.

## ‘आपल्या उकाड्यात हे चालणारच नाही’

हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

तापमान वाढलं की सगळेच पदार्थ जास्त वेगाने उडतात. पण जे पदार्थ मुळात चिकट, त्यांचा वेग जास्त पटीने वाढतो. म्हणजे उकाड्यात लिंबाच्या मानाने व्हॅनिला अधिक जोरात उसळतो. थंड शोरूममध्ये संयमी वाटलेला परफ्यूम मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर गोडमिट्ट होतो तो यामुळे. परफ्यूम तोच असतो, आतलं प्रमाण बदललेलं असतं. त्यात घामाची भर पडली की गोडी आणि घाम यांचं जे मिश्रण होतं त्याबद्दल न बोललेलं बरं. ताजे, लिंबाळ वास घामासोबत निदान भांडत नाहीत.

पण आपल्याकडच्या नोकरदार माणसाचा दिवस दोन हवामानांत वाटलेला आहे. स्टेशनपर्यंतचा अर्धा तास चौतीस अंशांत आणि नंतरचे आठ तास चोवीस अंशांच्या एसीत. एसीत वास कमी उसळतो हे खरं, पण खिडक्या बंद आणि तीच हवा फिरून फिरून येणारी. त्यामुळे तिथे धोका वेगळा: वास मंद असला तरी खोलीतून बाहेर जात नाही, साचत राहतो. म्हणजे बाहेर जोर आवरायचा आणि आत व्याप आवरायचा, आणि दोन्हीवर औषध एकच, कमी लावणं. बाहेर पडताना एक किंवा दोन स्प्रे, तेही शर्टच्या आत छातीवर. कापडाच्या आतून वास गाळून बाहेर येतो. मानेवर मारलेला परफ्यूम थेट शेजारच्याच्या नाकाशी असतो, आणि लोकलमध्ये शेजारी म्हणजे किती शेजारी हे सांगायला नको.

ऋतूंचं म्हणाल तर पुण्या-नाशिकच्या गुलाबी थंडीत आणि पावसाळ्यातल्या गार दिवसांत गोड परफ्यूम खुलतात. ऑक्टोबर हीट आणि एप्रिल-मे त्यांना सुट्टी द्यावी. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाने हा सगळा भाग सोडून दिला तरी चालेल. त्याच्या जानेवारीत खमरासुद्धा सालस वागतो. बहुतेक इंग्रजी व्हिडिओ त्या हवेत बसून केलेले असतात, हे मात्र इथल्या वाचकाने विसरू नये.

## ‘बारा तास टिकला नाही तर पैसे वाया’

टिकणं आणि पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकणं म्हणजे त्वचेला नाक लावल्यावर किती वेळ वास येतो. पसरणं म्हणजे दरवळ किती लांब जातो. रील्समध्ये याला ‘प्रोजेक्शन’ म्हणतात. रोजच्या परफ्यूमसाठी मला हवा असलेला हिशेब असा: पहिला अर्धा तास जरा मोकळा, पुढचे चार-पाच तास फक्त हात मिळवायला आलेल्याला कळेल इतपत, आणि संध्याकाळी शर्ट काढताना आपल्याला एकट्याला. बारा तास दहा फुटांवर वास मारणारा परफ्यूम हा रोजच्यासाठी बिघाड आहे.

‘बीस्ट मोड’ म्हणवणाऱ्या बऱ्याच स्वस्त-महाग परफ्यूममध्ये हा जोर गोडीचा नसतोच. त्यामागे कोरड्या, लाकडी-अंबर जातीची ताकदवान कृत्रिम रसायनं असतात. अत्यल्प प्रमाणातही ती लांबवर पोचतात आणि कपड्यांत दिवसेंदिवस राहतात. काहींना ती जाणवतच नाहीत, काहींना सुईसारखी टोचतात. ‘गोड वासाने डोकं उठतं’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा खरा वैरी व्हॅनिला नसून ही मंडळी असावीत, असा माझा कयास आहे. ओळखायची खूण: तळाशी गोडीच्या खाली एक करवतलेल्या लाकडासारखी, किंचित सॅनिटायझरची आठवण देणारी कोरडी धार.

## ‘तासाभरात मलाच वास येईनासा होतो’

येणारच नाही. सतत येणारा, धोका नसलेला गंध मेंदू बाजूला टाकतो, म्हणजे नवा गंध आला तर तो पटकन कळावा. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो. तेव्हा ‘उडाला वाटतं’ म्हणून दुपारी पुन्हा तीन स्प्रे मारणं म्हणजे इतरांसाठी दुप्पट डोस. गोड परफ्यूममध्ये हे जास्त घडतं, कारण तळातले पदार्थ एकसुरी आणि दीर्घकाळ येत राहतात. शिवाय काही मोठ्या रेणूंचे कस्तुरीसारखे गंध काही माणसांना जन्मतःच येत नाहीत. त्यांच्या दृष्टीने बाटली रिकामी असते आणि बायकोच्या दृष्टीने असह्य.

म्हणून मापायचं ते दुसऱ्याच्या नाकाने. घरातल्या सगळ्यात स्पष्टवक्त्या व्यक्तीला विचारा. ‘छान आहे का’ असं विचारू नका. ‘मी खोलीत आलो ते न बघता कळलं का’ असं विचारा.

## मग तपासायचा तरी कसा

दुकानात पट्टीवर तीनपेक्षा जास्त परफ्यूम हुंगू नका, नाक गोंधळतं. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं असं सेल्समन सांगतो. साधी हवा किंवा स्वतःच्या कोपराची आतली बाजू तेवढंच काम करते. पट्टीवर जो बरा वाटला तो एकच मनगटावर घ्या आणि दुकानाबाहेर पडा. मनगटं एकमेकांवर घासू नका. त्याने ‘रेणू तुटतात’ ही थाप आहे, पण उष्णतेने सुरुवातीचा टप्पा घाईत उडून जातो आणि मग काय हुंगतोय तेच कळत नाही.

आता वाट बघायची. वीस मिनिटांनी एकदा, दोन तासांनी एकदा, चार तासांनी एकदा. चौथ्या तासाला उरलेला वास हाच तुमचा खरा परफ्यूम. तिथे नुसती साखर उरली असेल तर समोर आमटी नव्हती किंवा होती ती संपली. तिथे साखरेसोबत लाकूड, लॅव्हेंडर, तंबाखू, वेलची असं काहीतरी जागं असेल तर हा माणूस रोजच्या सोबतीचा आहे. हीच परीक्षा एकदा उन्हात चालून आल्यावर आणि एकदा एसीच्या खोलीत दिवसभर बसून घ्यायची. त्यासाठी पाच-दहा मिलीच्या लहान शिश्या ऑनलाइन मिळतात, व्यवसायात त्यांना ‘डिकँट’ म्हणतात. विक्रेता माहितीतला हवा, कारण ‘फर्स्ट कॉपी’चा सुळसुळाट शंभर मिलीच्या बाटल्यांइतकाच शिशीतही आहे.

‘प्रत्येकाच्या अंगावर वेगळा लागतो’ हे खरं आहे, पण जितकं गूढ सांगतात तितकं नाही. कोरडी त्वचा परफ्यूम लवकर सोडते, तेलकट किंवा नुकतंच मॉइश्चरायझर लावलेली त्वचा धरून ठेवते. व्हॅनिलाचं लॅव्हेंडर काही कुणाच्या अंगावर होत नाही.

## त्वचा, डोकेदुखी आणि पांढरा शर्ट

गोड-उबदार परफ्यूममधले दालचिनी आणि लवंगेचे घटक काहींच्या त्वचेला झोंबतात. खोक्यावर बारीक अक्षरांत सिनॅमल, युजेनॉल, कुमारिन, लिनालूल अशी नावं दिसतात ती यासाठीच. युरोपीय संघाने 2003 साली अशा 26 घटकांची यादी करून ते छापणं सक्तीचं केलं आणि 2023 मध्ये ती यादी ऐंशीच्या पुढे नेली. यादीत नाव आहे म्हणजे विष आहे असं नव्हे. लिमोनीन तर लिंबाच्या सालीत असतं. पूर्वी कधी पुरळ आलं असेल तर कोपराच्या आत थोडंसं लावून एक-दोन दिवस थांबा. अर्धशिशी किंवा दमा असलेल्या माणसांना परवडत नसलेल्या गोष्टींमध्ये शेजारच्या टेबलावरचा परफ्यूम बराच वर येतो. केबिन सामाईक असेल तर सरळ विचारून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

पांढऱ्या शर्टावर गोड परफ्यूम थेट मारू नका. व्हॅनिलिन काळाबरोबर तपकिरी होतं आणि कॉलरवरचा तो डाग जिद्दीचा असतो. याच गुणामुळे वर्ष-दोन वर्षांत बाटलीतल्या द्रवाचाही रंग चहासारखा गडद होत जातो. घाबरून फेकून देऊ नका, व्हॅनिला असलेल्या परफ्यूममध्ये हे चालायचंच. वरचा लिंबू-पुदिन्याचा पदर व्हिनेगरसारखा आंबट यायला लागला तर मात्र ती बिघडल्याची खूण. बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गिझरखालच्या फळीवर ठेवली की हे फार लवकर होतं. कपाटात, अंधारात, खोक्यातच ठेवावी.